कसब, ताट आणि पालखी : भोर-वेल्ह्याचा एक आढावा

जुलै २०२५ मध्ये पॅरिस येथे भरलेल्या अधिवेशनात जागतिक वारसा समितीने मराठेशाहीतील बारा दुर्गांची जी मालिका आपल्या यादीत दाखल करून घेतली, तीत वेल्हे तालुक्यातील राजगडाचा समावेश झाला आणि त्याच तालुक्यातील तोरणा मात्र बाहेर राहिला. त्या निवाड्याची मीमांसा करण्याचे हे स्थळ नव्हे. गडांच्या पायथ्याला ते दिवस आवणीच्या घाईचे होते, आणि गुडघाभर चिखलात वाकलेल्या माणसाने तटबुरुजांच्या ह्या मानमरातबाची वार्ता ऐकली असेल ती रोपांची मूठ हातात धरूनच, एवढेच येथे नमूद करावयाचे. दगडाच्या वारशाची मोजदाद होऊ शकते. परंतु २००३ च्या आंतरराष्ट्रीय करारनाम्याने ज्याला ‘अमूर्त सांस्कृतिक वारसा’ असे नाव दिले आणि ज्या करारनाम्यास भारतानेही २००५ मध्ये संमती दिली, तो वारसा हाताच्या सवयीत, जिभेच्या चवीत आणि पंचांगाच्या तिथींत राहत असल्यामुळे त्याची मोजणी कोणत्या साखळीने करावी, हा प्रश्न उरतोच.

‘वारसा’ हा शब्द आज सभासंमेलनांतून फार सैलपणे वापरला जातो. मावळातल्या शेतकऱ्याला तो प्रथम भेटतो तलाठ्याच्या दप्तरात. बाप वारला की वारसनोंद करावयाची, फेरफार मंजूर करून घ्यावयाचा आणि सात-बाराच्या उताऱ्यावर आपले नाव चढवावयाचे. त्या नोंदीबरोबर जमिनीचा हिस्सा येतो तसा सोसायटीच्या कर्जाचा बोजाही येतो. हा दप्तरी अर्थच मला अधिक नेमका वाटतो. ह्या खोऱ्यांतील कसब, अन्न आणि सण ह्या एका खातेवहीच्या तीन बाजू आहेत. कोणी कोणास काय द्यावयाचे, कोणाचा कशावर हक्क आणि कोणाचा कोणता मान, हे त्या खातेवहीत लिहिलेले असे, आणि ज्या वस्तूचा देण्याघेण्याशी संबंध शिल्लक राहिला ती वस्तू टिकली, ज्या वस्तूचे केवळ कौतुक उरले ती भिंतीवर टांगली गेली. प्रस्तुत आढाव्यात हाच धागा धरून चालण्याचा विचार आहे.

भूमी आणि अंमल ह्यांविषयी थोडे सांगितले पाहिजे. राजाराम महाराजांनी १६९७ मध्ये शंकराजी नारायण ह्यांस सचिवपद दिले आणि त्यांच्या वंशजांनी, म्हणजे पंतसचिवांनी, नीरेकाठच्या भोर येथे जे संस्थान चालविले ते ८ मार्च १९४८ रोजी मुंबई इलाख्यात विलीन झाले. शंकराजींची समाधी आंबवडे येथे नागेश्वराच्या परिसरात आहे. संस्थानाचे पाच तालुके होते : विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, पवनमावळ आणि सुधागड. विचित्रगड म्हणजे रोहिडा आणि प्रचंडगड म्हणजे तोरणा. अर्थात संस्थानी कारभाराला तालुक्याची नावे गावांवरून ठेवण्याऐवजी गडांवरून ठेवणे अधिक शोभिवंत वाटले होते. वेल्हे तालुक्यास ‘राजगड’ हे नाव देण्याचा जो निर्णय अलीकडे झाला, त्यास नवे काही म्हणावयाचे असेल तर अवश्य म्हणावे. परंतु ते जुनेच नाव फिरून आले आहे. लोकांच्या तोंडी ह्या सर्व नावांखाली आणखी जुनी नावे आहेत, ती खोऱ्यांची : हिरडस मावळ, रोहिड खोरे, वेळवंड खोरे, गुंजण मावळ, कानंद खोरे. कारीच्या जेध्यांची देशमुखी, बांदलांची देशमुखी आणि बांदलांच्या पदरी असलेले शिंदचे बाजीप्रभू देशपांडे ही नावे इतिहासात जाऊन बसली. खोरे मात्र अजून पावसाच्या पाण्याप्रमाणे आपापल्या नदीने वाहते, आणि सोयरीक, बाजार व देवाचे मानकरी ह्या तिन्ही गोष्टी पुष्कळशा खोऱ्याखोऱ्यानेच ठरतात.

प्रथम ताटाकडे वळू, कारण बाकीचे सर्व तेथूनच निघते. ह्या मुलखाचा प्राण म्हणजे भात, आणि भाताचे वर्ष पावसाने सुरू होते असे शहरात समजतात ते बरोबर नाही. ते सुरू होते उन्हाळ्यात, राब भाजण्याने. खाचराच्या एका कोपऱ्यात शेण, पालापाचोळा, झाडांच्या डहाळ्यांचे कवळ आणि वर गवत असे थर रचून, त्यावर माती पसरून, वारा पडलेला पाहून विस्तव द्यावयाचा. जमीन भाजली म्हणजे तणाचे बी मरते, राख खताच्या कामी येते आणि पहिल्या पावसावर पेरलेला तरवा जोमाने उठतो. ह्याच राबाने एकोणिसाव्या शतकात सरकारी जंगलखाते आणि रयत ह्यांच्यात असा काही तंटा लाविला की १८८५ मध्ये मुंबई सरकारला ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील जंगलांच्या गाऱ्हाण्यांसाठी स्वतंत्र आयोग नेमावा लागला. घाटावरच्या मावळातही झाडाची डहाळी तोडावी की राखावी, हा वाद तेव्हापासून मिटलेला नाही. दोन्ही पक्षांस आपापले खरे आहे, आणि मला तरी रयतेचे थोडे अधिक खरे वाटते.

आषाढात चिखलणी होते, मुठी बांधावर पडतात आणि आवण सुरू होते. ह्या वेळी इर्जिकीची जुनी रीत उपयोगी पडे : आज सगळ्यांनी माझ्या खाचरात, उद्या तुझ्या, मजुरी नाही, परंतु ज्याचे शेत त्याच्या घरचे जेवण. त्या जेवणात काय असावे हेही ठरलेले असे, आणि यजमानाने हात आखडला तर त्याची चर्चा पुढल्या वर्षापर्यंत पुरे. आज इर्जीक विरळ झाली आहे, रोजंदारीचा भाव रोख ठरतो आणि माणूस मिळणे दुर्घट झाले आहे. तरी आवणीच्या दिवसांत मुंबई-पुण्याहून चार दिवसांची रजा काढून गावी येणारा मुलगा अजून दिसतो, आणि तो येतो तो ह्याच जुन्या खात्याची बाकी फेडण्यास.

भाताच्या जातींत आंबेमोहराचे नाव मोठे. शिजताना आंब्याच्या मोहरासारखा वास सुटतो म्हणून हे नाव. मऊ, किंचित चिकट, लहान मुलास आणि आजाऱ्यास पेजेला उत्तम. परंतु त्याचे पीक उंच वाढते, वाऱ्यापावसाने लोळते आणि उतारा कमी देते. मावळातील वडगावच्या भात संशोधन केंद्रातून आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ ह्यांच्या संकरातून निघालेली इंद्रायणी १९८७ मध्ये शेतकऱ्यांच्या हाती आली आणि तिने पाहता पाहता ही खाचरे व्यापली. वेल्ह्याचा तांदूळ म्हणून पुण्याच्या पेठांत जो आवडीने विकत घेतला जातो तो बहुधा इंद्रायणीच असतो. परंपरेचे अभिमानी येथे खेद व्यक्त करितात. मला तो खेद अर्धाच पटतो. जी जात आंबेमोहराचे रक्त घेऊन आली, जिच्यात त्याचा मऊपणा आणि बराचसा सुवास आहे, आणि जिने अल्पभूधारकाच्या घरात चार पोती अधिक टाकली, तिला परकी कशी म्हणावी? खरी फसवणूक निराळीच आहे. शेजारच्या मुळशीच्या आंबेमोहरास भौगोलिक निर्देशाचे प्रमाणपत्र मिळाले, तरी दुकानात त्या नावाखाली परप्रांतीचा जिरासांबासारखा बारीक तांदूळ सर्रास विकला जातो. आणि जेथे गिऱ्हाइकाचे नाकच मोहराचा वास विसरले आहे, तेथे कागदाच्या मोहरेने काय होणार?

भाताखालोखाल वरकस जमिनीचे धान्य. डोंगरउतारावरच्या हलक्या जमिनीत पहिल्या वर्षी नाचणी, नंतर वरई, मग कारळे, आणि पुढे जमीन काही वर्षे पडीक टाकावयाची, अशी फेरपालटीची शिस्त असे. दिवाळीच्या सुमारास कारळ्याच्या पिवळ्या फुलांनी उतार भरतात. ह्याच कारळ्याला खुरासणी म्हणतात आणि त्याची काळी, तेलकट, लसूण घालून कुटलेली चटणी नाचणीच्या भाकरीबरोबर खाल्ल्यावाचून ह्या प्रांताची चव कळली असे समजू नये. पावसाळ्याच्या आरंभी टाकळा, कुर्डू, भारंगी ह्या रानभाज्या, ओढ्यातले खेकडे आणि त्यांचे तिखट कालवण. उन्हाळ्यात करवंदे आणि जांभळे, ती पळसाच्या पानाच्या द्रोणांतून घाटरस्त्याच्या कडेला विकणाऱ्या बायका. ह्यांपैकी पुष्कळसे ज्ञान कातकऱ्यांकडे आहे. ज्या जमातीस सरकारने विशेष असुरक्षित आदिम गटांत गणले आहे, जिच्या कित्येक कुटुंबांच्या पायांखालची घराची जागासुद्धा स्वतःच्या नावावर नाही, तिच्या हातची भाजी शहरातल्या रानभाजी महोत्सवात शोभेच्या टोपलीत मांडली जाते. त्या टोपलीमागचे हात निमंत्रितांच्या यादीत क्वचित असतात.

आता कसबाकडे. आवणीचे वर्णन करिताना एक वस्तू मी मुद्दाम राखून ठेवली होती, ती इरले. बांबूच्या पातळ कामट्यांची षट्कोनी जाळी विणून तिचे दोन पदर करावयाचे, मध्ये पळसाची पाने कौलांसारखी एकावर एक चढवून दाबावयाची, कडा वळवून बांधावयाच्या, आणि होडी उपडी घातल्यासारखी ती आकृती डोक्यावरून पाठीवर घ्यावयाची. वाकलेल्या माणसाच्या डोक्यापासून कमरेपर्यंतचा भाग त्याखाली कोरडा राहतो आणि दोन्ही हात मोकळे. छत्रीला एक हात लागतो, शिवाय छत्री उभ्या माणसासाठी आहे, इरले वाकलेल्यासाठी. हे यंत्र एका विशिष्ट कामासाठी, एका विशिष्ट पावसासाठी, जवळ सापडणाऱ्या दोन वनस्पतींतून घडविलेले होते, आणि पाने कुजली की पुढल्या वर्षी नवी घालावयाची, म्हणजे बुरुडाचा दर वर्षाचा धंदा शाबूत. प्लॅस्टिकच्या कागदाची खोळ आली आणि इरले गेले. खोळ स्वस्त, वजनाला नगण्य, घडी करून खिशात राहणारी. मी स्वतः एकदा ओले इरले पाठीवर घेऊन अर्धा तास खाचरात उभा राहिलो आहे आणि मान अवघडल्यामुळे त्याविषयी काव्यमय लिहिण्याची माझी इच्छा पुष्कळ कमी झाली आहे. आज इरले दिसते ते बहुधा कृषिपर्यटन केंद्राच्या ओसरीवर, दिव्याची कळ बसविण्यासाठी मध्यभागी भोक पाडलेले.

सुतार, लोहार, कुंभार, चांभार ह्यांचे कसब बलुत्याच्या चौकटीत होते. त्रिंबक नारायण आत्रे ह्यांनी १९१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘गावगाडा’ ह्या ग्रंथात त्या चौकटीचे गुणदोष ज्या सूक्ष्मतेने तपासले तितक्या सूक्ष्मतेने नंतर फारसे कोणी तपासले नाहीत. खळ्यावरच्या पेंढ्या, सुगीचे वाटे, सणाचे वाण आणि त्याच्या मोबदल्यात वर्षभराची चाकरी : ह्या व्यवस्थेने औताचा फाळ वेळेवर शेवटला जाई, हे खरे, परंतु त्याच व्यवस्थेने काही घरांवर मेलेले ढोर ओढण्याची, वेशीवर उभे राहण्याची आणि हलगी वाजविण्याची सक्ती लादली होती, हेही तितकेच खरे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महारवतनासंबंधी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले ते ह्याच सक्तीविरुद्ध, आणि कनिष्ठ ग्रामवतने कायद्याने निघाली ती १९५८ नंतर. म्हणून बलुत्याच्या अस्ताबद्दल उसासे टाकणाऱ्या लेखकांनी प्रथम हे सांगावे की ते उसासे कोणत्या आळीच्या ओट्यावर बसून टाकले जात आहेत. काही कसबे मेली ती मरू दिली गेली, आणि ज्यांच्या हातात ती होती त्यांनीच त्यांतून सुटका करून घेतली. अशा ठिकाणी ‘जतन करा’ असा उपदेश करणे हा उद्धटपणा आहे.

कायद्याची एक गंमत येथेच सांगून टाकतो. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात बांबू हा गवताच्या कुळातला असूनही वृक्षांत गणला गेला होता. परिणामी स्वतःच्या बांधावरचा बांबू तोडून वाहून नेण्यास शेतकऱ्यास व बुरुडास परवान्याची कटकट असे. २०१७ च्या दुरुस्तीने वनाबाहेरचा बांबू ह्या व्याख्येतून वगळण्यात आला. नव्वद वर्षांनी बांबू कायद्याच्या दृष्टीने पुन्हा गवत झाला. तोवर टोपल्या घेणारी घरे प्लॅस्टिकच्या पाटीवर गेली होती.

एक कसब मात्र उलट्या दिशेने गेले, आणि ते ढोलाचे. वेल्हे, मुळशी, भोर ह्या भागांतील गावोगावची ढोल-लेझीम पथके गणेशोत्सवात पुण्याच्या मिरवणुकीत बोलावली जात. आवण उरकून भात पोटरीत येईपर्यंतच्या मोकळ्या दिवसांत तालमीतली पोरे सराव करीत, आणि सुपारी घेऊन शहरात उतरत. बिदागीतून गावच्या देवळाचे एखादे काम होई. कातड्याचे पान ओल्या हवेत सैल पडते, म्हणून मिरवणुकीच्या वाटेवर कोठेतरी आडोसा पाहून पाचोळ्याचा जाळ करावयाचा, ढोल त्याच्याभोवती फिरवावयाचा, बोटाने टिचकी मारून आवाज ऐकावयाचा आणि मग दोरी ओढून ताण द्यावयाचा : हे मी लहानपणी लक्ष्मी रस्त्यावर पाहिले आहे आणि त्या तापल्या कातड्याचा वास अजून नाकात आहे. पुढे शहरातल्या सुशिक्षित तरुण-तरुणींनी आपली पथके काढली, शेकड्यांनी ढोल आले, फायबरचे पान आले, जे पावसाने सैल पडत नाही आणि ज्यास जाळ लागत नाही. विद्या शहराने उचलली, वाढविली, मुलींच्याही हाती दिली. हे चांगलेच झाले. गावच्या पथकाची सुपारी मात्र कमी झाली. लेणे एका अंगावरून दुसऱ्या अंगावर गेले म्हणजे वारसा टिकला म्हणावयाचे की हस्तांतरित झाला म्हणावयाचे, ह्याचा निर्णय वारसनोंद करणाऱ्या तलाठ्यालाही कठीण पडेल.

सणांचा विचार ह्या क्रमाने शेवटी येतो, कारण सण म्हणजे वरच्या दोन्ही गोष्टींचा जाहीर हिशेब. वर्षाचा मोठा सण दिवाळी-दसरा नसून चैत्र-वैशाखातली गावजत्रा होय. भोरच्या राजवाड्यातील रामनवमीचा उत्सव हा संस्थानी थाटाचा. पौषी पौर्णिमेस अंबाडखिंडीच्या घाटाने वाई तालुक्यातील मांढरदेवीस जाणारी गर्दी हा प्रकार सर्व मुलखांचा. परंतु गावजत्रा ही गावाची. सुगी घरात आलेली, लग्नसराई चालू, राब भाजून पावसाची वाट पाहण्यापलीकडे काम नाही, अशा दिवसांत देवीची पालखी निघते, रात्री छबिना होतो, दुसरे दिवशी कुस्त्यांचा हगामा भरतो. पालखीला पहिला खांदा कोणाचा, नैवेद्य कोणत्या घरचा, नारळ कोणास, हे मानपान पिढीजात; आणि ह्या मानांसाठी पूर्वी गोतसभा बसून महजर होत, आज पोलीस पाटलास मध्ये पडावे लागते. भांडण आहे म्हणजे जिवंतपणा आहे, असे मी समजतो. जेथे मानासाठी कोणी भांडत नाही, ती जत्रा संपल्यात जमा.

अलीकडे जत्रेचे खरे मानकरी म्हणजे मुंबईकर मंडळी. वर्गणीचा मोठा आकडा त्यांचा, आणि त्या वर्गणीतून गावोगाव जीर्णोद्धार झाले : लाकडी खांबांची, कौलारू, अंधारी देवळे जाऊन स्लॅबची, गुळगुळीत फरशीची, रंगीत शिखराची देवळे उभी राहिली. माझ्या डोळ्यांस जुनी बरी वाटतात. परंतु ज्या माणसाने गिरणीत किंवा गोदीत आयुष्य घालविले, त्याच्या लेखी देवीला पक्के घर बांधून देणे हाच आपल्या गैरहजेरीचा दंड भरण्याचा मार्ग होता, आणि त्याला सौंदर्यशास्त्राचा पाठ देण्यास मी धजणार नाही. एक गाऱ्हाणे मात्र सोडता येत नाही. देवळाभोवतीची देवराई, जिच्यातली वाळकी काटकीसुद्धा कोणी उचलीत नसे, तीही कधी ह्याच जीर्णोद्धाराच्या खर्चापायी तोडली गेली आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ ह्यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतल्या ज्या देवराया पायी हिंडून नोंदल्या, त्यांनी हे दाखवून दिले की देवाच्या भयाने राखलेले हे तुकडे म्हणजे मूळच्या अरण्याचे शेवटचे नमुने होत. देवीला घर मिळाले आणि तिचे रान गेले.

ह्या सगळ्या हिशेबातून एक मोठी रक्कम पाण्याखाली आहे, तिचा उल्लेख केल्याशिवाय आढावा खोटा ठरेल. वेळवंडीवर भाटघरला इंग्रजी अमदानीत आधी एक धरण झाले, मग १९२० च्या दशकात त्याहून मोठे. पुढे पानशेत, जे १२ जुलै १९६१ रोजी फुटले तेव्हा पुण्याने हळहळ केली, पण ज्यांची खाचरे त्याच्या पोटात गेली त्यांची हळहळ त्याआधीच झालेली होती. मग वरसगाव, नीरा देवघर, गुंजवणी. खोऱ्यातली सर्वांत कसदार जमीन नदीकाठची, आणि धरणात प्रथम तीच जाते. उरते वरकस. उठलेली गावे पूर्वेकडच्या कोरड्या मुलखात वसली, तेथे कालव्याच्या पाण्यावर ऊस पिकवू लागली. बरोबर देव नेले, परंतु खाचर नेता येत नाही, आणि खाचराविना आवण नाही, आवणीविना इर्जीक नाही. भाटघरच्या जलाशयात बुडालेले कांबऱ्याचे कांबरेश्वराचे मंदिर कडक उन्हाळ्यात पाणी ओसरले म्हणजे उघडे पडते. तेव्हा लोक गाळ तुडवीत जातात, दर्शन घेतात, आणि पाऊस लागला की देव पुन्हा आठ-दहा महिने पाण्यात.

आज ह्या तालुक्यांत राहुट्यांची विश्रामस्थळे, गडकोटांच्या वाऱ्या, चुलीवरच्या जेवणाच्या पाट्या आणि शनिवार-रविवारची मोटारींची रांग हे एक नवे वतन निर्माण झाले आहे. वरंध घाटातल्या वाघजाईपाशी भजी तळणारा आणि राजगडाखाली पिठलेभाकरी वाढणारी हे त्याचे नवे बलुतेदार. त्यास नाक मुरडण्याचे कारण नाही. रोख पैसा घरच्या बाईच्या हाती येतो, जो बलुत्यात कधी येत नव्हता. माझी शंका एवढीच की पाहुण्याला वर्षाचे बाराही महिने तीच भाकरी, तेच पिठले, तोच ठेचा हवा असतो. आणि ह्या मुलखाच्या ताटाचे सारे मर्म तर ऋतूगणिक बदलण्यात आहे.

मागच्या भाद्रपदात भोरच्या बाजारात एका बुरूड बाईंपुढे सुपे मांडलेली होती. गौरींचे दिवस होते, गिऱ्हाइकांची दाटी होती. मी एक सूप उचलून त्याची वीण पाहू लागलो, वजन हाताने तोलले, कडेचा वेठ दाबून पाहिला. बाईंनी पान लावता लावता माझ्याकडे न पाहताच विचारले, “पाखडायला पायजे का पुजायला?” दोन ढीग निराळे होते. पाखडायचे सूप जाड कामटीचे, घट्ट विणीचे, दुप्पट किमतीचे. पुजायचे पातळ, हळदीकुंकवापुरते, गौरीपुढे एक दिवस ठेवण्याजोगे. दुसऱ्या ढिगात चाळीस-पन्नास नग असतील आणि ते माझ्यादेखत कमी होत होते. पहिल्या ढिगात तीन होती.

“पाखडायचं,” मी म्हणालो.

बाईंनी तेव्हा वर पाहिले, आणि किंमत दहा रुपयांनी कमी सांगितली.